वडिलांची साखर, भावाचे इन्सुलिन आणि लाळेची चाचणी

पत्राचा सारांश: बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ३१ वर्षांच्या वाचक भगिनी पतसंस्थेत लेखनिक म्हणून काम करतात. त्यांच्या वडिलांना ३८ व्या वर्षी मधुमेह निघाला आणि पुढे पायाची जखम चिघळल्याने दोन बोटे काढावी लागली. वडिलांच्या आईलाही साखर होती. धाकटा भाऊ सडपातळ आणि निर्व्यसनी असूनही २६ व्या वर्षी त्याला मधुमेह झाला. दोन वर्षांपासून तो इन्सुलिन घेतो आहे. भगिनींना चार वर्षांची मुलगी आहे. ‘तिच्या वेळी सातव्या महिन्यात साखर थोडी वाढली होती, पण बाळंतपणानंतर उतरली’ असे त्या ओघात लिहितात. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू झाल्यापासून ‘तुमच्या रक्तातच आहे ते, आता नातवंडांतही उतरणार’ असे सासूबाई बोलून दाखवतात. सासरी कोणालाच साखर नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मात्र तिकडे कोणी कधी तपासलेली नाही. भगिनींनी मोबाइलवर लाळेच्या नमुन्यावरून मधुमेहाचा धोका सांगणाऱ्या जनुकीय चाचणीची जाहिरात पाहिली. स्वतःची आणि मुलीची चाचणी करावी का, असे त्या विचारतात. ‘निर्धोक आली तर मी निश्चिंत होईन, आणि वाईट आली तर निदान पथ्याची ओढाताण तरी थांबेल, होणारच असेल तर जिवाला जाच कशाला?’ हे त्यांचे शेवटचे वाक्य.

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करणे योग्य होईल. अहवाल चांगला आला तर तुम्ही काळजी घेणे सोडणार आणि वाईट आला तरीही सोडणार, असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. म्हणजे चाचणीची दोन्ही उत्तरे तुम्हाला एकाच जागी नेऊन बसवतात. ज्या तपासणीच्या कोणत्याही निकालाने आपल्या वागण्यात उपयोगाचा फरक पडणार नसेल, तिच्यावर पैसे घालण्याआधी माणसाने थांबावे, मग ती कितीही आधुनिक असो. पण हे उत्तर देऊन तुमची बोळवण करणे बरे नाही, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती मराठवाड्यातल्या असंख्य घरांमध्ये आहे: मधुमेह होणार की नाही हे जन्मताच ठरलेले असते, फक्त ते वाचता येणारे कोणीतरी हवे असते.

या समजुतीत तथ्य आहे, आणि ते आधी मान्य केले पाहिजे. सासूबाईंचा स्वर टोचणारा असला तरी मधुमेह घराण्यातून येतो हे त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील कुटुंबांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्यात असे दिसले की, आई किंवा वडील यांपैकी एकाला प्रौढ वयात होणारा नेहमीचा मधुमेह, ज्याला प्रकार २ म्हणतात, असेल तर अपत्याला तो होण्याचा धोका सुमारे साडेतीन पट असतो आणि दोघांनाही असेल तर सुमारे सहा पट. मात्र घराण्यातून जे येते त्यात जनुकांबरोबर स्वयंपाकघर, बसण्या-उठण्याच्या सवयी, शिक्षण, नोकरीचे स्वरूप आणि आईच्या गरोदरपणातील आहारही येतो. या सगळ्याला आपण मिळून ‘रक्तात आहे’ असे म्हणतो आणि त्यातला कोणता भाग बदलता येण्यासारखा आहे हे पाहायचे राहून जाते.

आता निव्वळ जनुकांचा भाग पाहू. कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएची अक्षरे एकमेकांशी जुळवली तर साधारण हजारात एखादे अक्षर वेगळे निघते. त्यातले बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. काहींमुळे मात्र स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन थोडे कमी किंवा थोडे उशिरा सोडतात, काहींमुळे चरबी कुठे आणि किती साठते हे बदलते, तर काहींमुळे स्नायू आणि यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. प्रकार २ च्या बाबतीत सर्वांत प्रभावी ठरलेला सर्वसाधारण फरक टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकात आहे. आइसलंडमधील संशोधकांनी तो २००६ साली पुढे आणला, आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राबरोबर केलेल्या कामातून तो भारतीयांमध्येही तितकाच लागू असल्याचे २००७ साली दिसून आले. या फरकाची एक प्रत अंगात असेल तर मधुमेहाची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी वाढते, आणि आई-वडील दोघांकडून एकेक अशा दोन प्रती आल्या तर जवळपास दुप्पट होते. हा सर्वांत प्रभावी. बाकीच्यांपैकी बहुतेकांचा परिणाम पाच-दहा टक्क्यांच्या घरात असतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि निरनिराळ्या वंशांच्या सुमारे २५ लाख लोकांची माहिती एकत्र केलेल्या एका अभ्यासात मधुमेहाशी निगडित अशी ६११ ठिकाणे डीएनएवर सापडली. म्हणजे ज्याला आपण ‘मधुमेहाचे जनुक’ म्हणून शोधतो, असे एकच एक जनुक प्रकार २ मध्ये नाही. शेकडो लहान लहान फरक आहेत, ते ज्यांना मधुमेह कधीच झाला नाही अशा माणसांतही भरपूर असतात, आणि तुमच्या सासूबाईंच्या माहेरीही ते खात्रीने आहेत.

जाहिरातीतली चाचणी यांपैकी काही फरक मोजते, त्यांना गुण देते, गुणांची बेरीज करते आणि ‘तुमचा धोका सरासरीपेक्षा इतका जास्त’ किंवा ‘इतका कमी’ असे रंगीत चित्रासह कळवते. या बेरजेत दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, असे गुण ठरवणारे अभ्यास मोठ्या प्रमाणावर युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत आणि आपल्याकडच्या माणसांना ते लावले की अचूकता घटते. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. हे गुण मोठ्या गटाविषयी काही सांगतात, एका माणसाविषयी फार थोडे. हवामान खात्याने जिल्ह्यात सरासरीपेक्षा कमी पावसाचा अंदाज दिला म्हणून तुमच्या शिवारात पाऊस पडला की नाही हे कोणी त्यावरून ठरवत नाही. त्यासाठी मंडळातला पर्जन्यमापक पाहावा लागतो, आणि तुमच्या बाबतीत तो पर्जन्यमापक म्हणजे तालुक्याच्या कोणत्याही प्रयोगशाळेत होणारी रक्तातील साखरेची साधी तपासणी. ती अंदाज देत नाही, आज काय आहे ते सांगते, आणि दरवर्षी पुन्हा करता येते. लाळेच्या चाचणीचे उत्तर मात्र तुम्ही चार किलो वजन कमी केले किंवा दहा किलो वाढवले तरी तेच राहणार.

होणारच असेल तर पथ्य कशाला, या तुमच्या प्रश्नाची परीक्षा शास्त्रज्ञांनी थेट घेऊन झाली आहे. अमेरिकेत साखर सीमारेषेवर असलेल्या लोकांवर एक मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. आहारात बदल, आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि वजनात ७ टक्के घट एवढे साधण्याचा प्रयत्न ज्या गटाने केला, त्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी कमी झाले. पुढे याच लोकांचे टीसीएफ७एल२ तपासले गेले. ज्यांच्याकडे धोक्याच्या दोन्ही प्रती होत्या आणि ज्यांनी राहणी बदलली नाही, त्यांना मधुमेह होण्याचा वेग अशी एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्के अधिक होता. राहणी बदललेल्या गटात मात्र हा जास्तीचा धोका जवळजवळ पुसला गेला. ज्यांच्या ‘रक्तात’ सर्वांत जास्त होते, त्यांनाच पथ्याची सर्वांत जास्त गरज होती आणि त्यांना ते लागूही पडले. तेव्हा अहवाल वाईट आला तर पथ्य सोडेन, हा तुमचा हिशेब नेमका उलटा आहे.

अमेरिकेतले आपल्याला लागू पडेल का, अशी शंका येणे रास्त आहे, कारण तिकडचे लोक स्थूल आणि आपले लोक तुलनेने बारीक. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने असाच प्रयोग भारतीयांवर केला. तीन वर्षांत काहीच न केलेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर राहणी बदललेल्या गटातील सुमारे ३९ टक्क्यांना. दोन गोष्टी यातून घ्याव्यात. आपल्याकडे सीमारेषेवरून मधुमेहाकडे जाण्याचा वेग भयंकर आहे, आणि वजन फारसे घटले नाही तरी चालण्याचा व खाण्यातल्या बदलाचा उपयोग होतो.

आनुवंशिकता तीच राहून परिस्थिती बदलली की काय होते, याचे आणखी ठळक उदाहरण पिमा या अमेरिकी आदिवासी समाजाचे आहे. यातील काही लोक अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात राहतात आणि त्यांचे सगेसोयरे म्हणावेत असे काही लोक मेक्सिकोच्या डोंगरात शेती करून राहतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातील पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के निघाले आणि मेक्सिकोतील पिमांमध्ये सुमारे ७ टक्के. आपल्याकडे इतकी नेटकी तुलना मिळत नाही, पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे १० कोटी लोक, एवढे आढळले, तर साखर सीमारेषेवर असलेल्यांचे प्रमाण १५.३ टक्के. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा आजार एवढा नव्हता आणि दोन-तीन पिढ्यांत माणसांची जनुके बदलत नाहीत. बदलली आहे ती दिवसभर खुर्चीवर बसण्याची वेळ, दारात आलेली दुचाकी, ताटातला भात, मैदा आणि तेल.

तुमच्या पत्रात आजीविषयी एक तपशील आहे, तो सारांशात घेतला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात असत, घरी मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळाली तर सुकडी, आणि त्या वेळी तुमचे वडील पोटात होते. हे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. आजींच्या कष्टांविषयी ते योग्यच आहे. पण ‘रक्तात’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो त्यात अशा काळाचाही वाटा असू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये अन्नाचा भीषण तुटवडा झाला होता. त्या महिन्यांत जी मुले आईच्या पोटात होती, त्यांच्या शरीरात प्रौढ वयात साखर हाताळण्याची क्षमता कमी झालेली आढळली. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची, पण आपल्या बाळांचे स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीचे प्रमाण अधिक, अशी ही ठेवण आहे. तुमच्या वडिलांचा मधुमेह दुष्काळामुळेच झाला असे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. तरीही मराठवाड्यातल्या त्या पिढीचा विचार करताना सगळे खापर जनुकांवर फोडू नये, एवढे मात्र निश्चित. या ठेवणीमुळेच आपल्याकडे वजनाची धोक्याची रेषा खाली आणावी लागली आहे: उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक पाश्चात्त्यांसाठी २५ पर्यंत ठीक मानला जातो, आपल्यासाठी २३ पर्यंतच.

आता तुमच्या पत्रातील त्या ओळीकडे वळते, जिच्यावर तुम्ही स्वतः थांबला नाहीत. मुलीच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली होती आणि बाळंतपणानंतर उतरली. गरोदरपणात शरीराची इन्सुलिनची गरज खूप वाढते. बहुतेक स्त्रियांच्या बीटा पेशी ती वाढीव गरज भागवतात. ज्यांच्या भागवू शकत नाहीत त्यांची साखर चढते आणि बाळंतपणानंतर गरज कमी झाल्यावर खाली येते. खाली येते याचा अर्थ दोष गेला असा नव्हे. अशा स्त्रियांना पुढे प्रकार २ चा मधुमेह होण्याचा धोका, गरोदरपणी साखर न वाढलेल्या स्त्रियांच्या तुलनेत सात ते दहा पट असल्याचे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून दिसले आहे. आधी सांगितलेल्या सर्वांत प्रभावी जनुकीय फरकाच्या एका प्रतीने शक्यता ४० टक्क्यांनी वाढते, हे शेजारी ठेवून पाहा. जे तुम्ही हजारो रुपये देऊन विचारायला निघाला आहात, त्याचे याहून कितीतरी स्पष्ट उत्तर तुमच्या शरीराने चार वर्षांपूर्वीच दिलेले आहे, आणि ते तुमच्या जुन्या फाइलमध्ये पडून आहे. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर पुन्हा तपासायची असते आणि पुढे दरवर्षी. बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी बोटाला टोचून पाहिलेली साखर त्यासाठी पुरत नाही. ही सहा आठवड्यांची तपासणी आपल्याकडे सर्रास चुकते, कारण तोवर बाई माहेरी असते आणि सगळ्यांचे लक्ष बाळाकडे असते. हे वाचणाऱ्या इतर भगिनींनीही आपापली फाइल काढून पाहावी.

म्हणून तुम्ही याच महिन्यात उपाशीपोटी साखर, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी साखर आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी अशा तपासण्या करून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५, दोन तासांनी १४० ते १९९ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ यांपैकी काही आढळले तर ती सीमारेषा. उपाशीपोटी १२६, दोन तासांनी २०० किंवा एचबीए१सी ६.५ आणि त्यापुढे मधुमेह. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये ते बहुधा कमी असतेच, तेव्हा डॉक्टरांना तेही सांगा. खर्चाची अडचण असेल तर तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत तपासला जातो; गावातील आशाताईंना विचारा.

तुम्ही उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५७ किलो आणि कंबर ८४ सेंटिमीटर असे कळवले आहे. निर्देशांक साधारण २४.७ येतो. अमेरिकेतील प्रयोगातली ७ टक्क्यांची घट तुम्हाला लावली तर ती चार किलोंची होते, आणि ५३ किलोला तुम्ही २३ च्या आत येता. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने तयार केलेली, शंभर गुणांची एक सोपी पद्धत आहे. तिला रक्त लागत नाही आणि लाळही लागत नाही. तिच्यात वयाला ३०, कमरेच्या घेराला २०, हालचालीच्या अभावाला ३० आणि आई-वडिलांच्या मधुमेहाला २० एवढे कमाल गुण आहेत. तुमचे आजचे गुण: वय ३५ च्या आत म्हणून शून्य, कमरेचे १०, बैठे काम आणि व्यायाम नाही म्हणून ३०, वडिलांचे १०, एकूण ५०, म्हणजे मध्यम धोका. चार वर्षांनी केवळ वयामुळे ७० होतील, आणि ६० पासून पुढे धोका जास्त समजतात. नियमित व्यायामाने आणि कंबर ८० च्या आत आणल्याने त्याच वयाला ते ५० राहतील. वडिलांकडून आलेले गुण फक्त १० आहेत. ते आणि वयाचे गुण सोडले तर बाकीचे तुमच्या हातात आहेत. गरोदरपणातील साखर या पद्धतीत धरलेली नाही, त्यामुळे तुमचा खरा धोका या आकड्यापेक्षा अधिक मानावा.

खाण्याविषयी थोडेच सांगते, कारण पथ्य म्हणजे वेगळे ताट अशी जी कल्पना तुमच्या पत्रात दिसते तीच ओढाताणीचे कारण आहे. ज्वारीची भाकरी भातापेक्षा बरी, पण ती कितीही खाल्ली तरी चालते असे नाही. गूळ घातलेल्या चहाने साखर वाढत नाही ही समजूत सोडून द्यावी. भाकरी एक कमी करून तिच्या जागी वरण, उसळ, अंडी, पालेभाजी वाढवावी. दाण्याची चटणी, येसराची आमटी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा, यांपैकी काहीही तोडण्याची गरज नाही. संध्याकाळी बायकांनी रस्त्याने फिरायला जाणे तुमच्या गावात अवघड आहे असे तुम्ही लिहिता. मग पतसंस्थेत जाता-येता चालत जा, जेवणानंतर गच्चीवर किंवा अंगणात दहा-पंधरा मिनिटे फेऱ्या मारा. जेवणानंतरचे चालणे साखरेसाठी विशेष उपयोगाचे असते.

मुलीची चाचणी करू नका. मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी लहान मुलांची जनुकीय तपासणी करू नये, हा जगभरच्या समुपदेशकांचा संकेत आहे. तो निर्णय तिने सज्ञान झाल्यावर स्वतः घ्यायचा. त्यात आपल्याकडे असा अहवाल कपाटात राहत नाही. आज सासूबाईंच्या हाती तो एक मुद्दा होईल आणि वीस वर्षांनी तिचे स्थळ पाहताना दुसरा. घरात तिच्या एकटीच्या हातातून लाडू काढून घेण्याऐवजी सगळ्यांसाठी लाडू कमी होऊ द्या आणि तिला भरपूर खेळू द्या. ती नऊ-दहा वर्षांची होताना वजन वयाच्या मानाने जास्त दिसू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना घरातील इतिहास सांगून साखर तपासावी. तोवर काही करण्याची गरज नाही.

सर्वांत वेगळा विचार तुमच्या भावाचा करावा लागेल, आणि तो तुमच्या प्रश्नात नव्हता. मधुमेहाचा एक दुर्मीळ प्रकार असा आहे की, जो खरोखरच एका जनुकातील एका बिघाडामुळे होतो. शंभर मधुमेहींत असा एखाद-दुसराच असतो. त्याला मोडी म्हणतात. तो सहसा पंचविशीच्या आसपास, सडपातळ माणसांत, सलग पिढ्यांमध्ये दिसतो आणि ज्याच्यात बिघाड आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. आजी, वडील आणि बारीक अंगाचा भाऊ, ही साखळी पाहून त्याची शंका घ्यायला जागा आहे. शंकाच, त्याहून अधिक काही नाही. कारण वर सांगितलेल्या ठेवणीमुळे आपल्याकडे नेहमीचा प्रकार २ देखील बारीक आणि तरुण माणसांना होतो, आणि शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटते तो प्रकार १ सुद्धा २६ व्या वर्षी सुरू होऊ शकतो. यातला फरक करण्यासाठी आधी जीएडी प्रतिपिंडे (प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते याचे माप) या रक्ताच्या तपासण्या करतात. प्रतिपिंडे नसतील आणि शरीर अजून स्वतःचे इन्सुलिन बनवत असेल, तर तज्ज्ञ नेमक्या जनुकांची तपासणी सुचवू शकतात. इथे मात्र उत्तराने उपचार बदलतात. एचएनएफ१ए नावाच्या जनुकात बिघाड निघाला तर अनेक रुग्णांना इन्सुलिनच्या जागी सल्फोनिलयुरिया गटातील साध्या, स्वस्त गोळ्या अल्प मात्रेत पुरतात. भावाने घरातील सर्व मधुमेहींची नावे, निदानाच्या वेळचे वय आणि वजन, कोणते उपचार चालू आहेत, हे एका कागदावर लिहून अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरला किंवा संभाजीनगरच्या घाटीत औषधवैद्यक विभागात दाखवावे. तोपर्यंत इन्सुलिनचा एकही डोस स्वतःच्या मनाने कमी करू नये. प्रकार १ असेल तर त्याने जिवावर बेतते. भावात असा बिघाड सापडला, तर आणि तरच, तुमच्यात नेमका तोच आहे का हे पाहणारी छोटी तपासणी अर्थपूर्ण ठरेल. जाहिरातीतली चाचणी हा प्रश्न सहसा सोडवत नाही, कारण ती बहुधा सर्वसाधारण फरक मोजण्यासाठी केलेली असते.

सासूबाईंशी वाद घालू नका, पण एक गोष्ट यजमानांना नक्की सांगा: बाळाला अर्धी जनुके वडिलांकडून मिळतात. ‘आमच्याकडे नाही’ आणि ‘आमच्याकडे तपासलेले नाही’ या दोन वाक्यांत अंतर आहे. यजमानांची आणि सासूबाईंची साखर तुमच्याबरोबर त्याच दिवशी तपासून घेतली, तर तुमच्या एकटीवरचा रोखही आपोआप कमी होईल.

दुसरे बाळ हवे असेल तर साखरेच्या भीतीने तो विचार सोडण्याचे कारण नाही. क्रम मात्र बदला. आधी वरच्या तपासण्या, साखर सीमारेषेवर असेल तर तीन-चार महिने वजन आणि आहारावर काम, आणि त्यानंतर गर्भधारणा. गर्भ राहण्याच्या आधीच्या आठवड्यांत आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांत साखर नियंत्रणात असणे बाळाच्या अवयवांच्या घडणीसाठी महत्त्वाचे असते, म्हणून ‘दिवस गेल्यावर पाहू’ असे करू नका. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा. दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत मागच्या वेळची साखर सांगा आणि ग्लुकोजची तपासणी त्याच वेळी मागून घ्या. ती व्यवस्थित आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची आहे. बाळंतपणानंतर बाळाला अंगावर पाजणे तुमच्या पुढच्या धोक्यासाठीही चांगले, आणि सहा आठवड्यांच्या ग्लुकोज तपासणीची तारीख माहेरी जाण्याआधीच दवाखान्यातून लिहून घ्या, म्हणजे माहेरच्या गावाजवळ ती कुठे करायची हेही त्याच वेळी ठरवता येईल.